आशाताई घडते घरभेटीत : नव्या आशाला शिकवायचं कसं, निवडीपासून पहिल्या वर्षापर्यंत

हा लेख मुख्यतः गटप्रवर्तक ताई (आशांच्या कामावर देखरेख करणारी), एएनएम (उपकेंद्राची नर्सताई) आणि गावखेड्यात आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थांच्या पोरापोरींसाठी लिहिते आहे, म्हणजे ज्यांच्यावर नव्या आशाला नाहीतर आरोग्यदूताला शिकवायची जबाबदारी येते त्यांच्यासाठी. नवीन लागलेल्या आशाताईंनी पण वाचा, म्हणजे आपल्याला काय काय शिकायला मिळायला पाहिजे ते कळेल आणि नाही मिळालं तर हक्काने मागता येईल. मी विदर्भातल्या खेड्यांमध्ये हेच काम करते, त्यामुळे उदाहरणं सगळी इकडचीच येतील, कापसाची, धानाची, मोहाची.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. शिबिराच्या रजिस्टरवर सह्या पूर्ण झाल्या की आपण ट्रेनिंग झालं म्हणून रिपोर्ट पाठवतो, पण बाईच्या हातात कसब येतं ते बाळंतिणीच्या खाटेपाशी, कोणीतरी जाणकार शेजारी बसलेलं असताना. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने हे करून दाखवलं. ३९ गावांमध्ये पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, त्याच्यावर उपचार करायला शिकवलं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्याच्याच पायावर पुढे २०११ पासून देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या. त्या बायका काही नर्सिंग शिकलेल्या नव्हत्या, त्यांना नीट शिकवलं गेलं आणि शिकवल्यानंतर एकटं सोडलं नाही, एवढंच. आपण नेमकं हे दुसरं विसरतो.

आधी बाई नीट निवडा

नियम सगळ्यांना माहीत आहे, साधारण हजार लोकवस्तीला एक आशा, आदिवासी भागात पाड्याप्रमाणे, त्याच गावची रहिवासी, लग्न झालेली किंवा विधवा किंवा घटस्फोटित, वय २५ ते ४५ ला प्राधान्य, आणि निवड ग्रामसभेतून. आता शिक्षणाची अट दहावीकडे गेली आहे, पण जिथे तेवढं शिकलेली बाई मिळतच नाही तिथे सूट देता येते आणि ती द्यायला भांडा. मेळघाटात कोरकू न बोलणारी बारावी पास बाई आणि भामरागडात माडिया न बोलणारी ग्रॅज्युएट बाई मला नको, त्यापेक्षा आठवी शिकलेली पण चुलीपाशी बसून म्हातारीशी तिच्या भाषेत बोलणारी बाई द्या, वाचन वाढवता येते.

ग्रामसभा सकाळी अकराला ठेवली तर बाया वावरात असतात आणि चार पुढारी मिळून कोणाची तरी सून ठरवून मोकळे होतात. संध्याकाळी ठेवा, आणि त्याच्या आधी दोन-तीन दिवस प्रत्येक मोहल्ल्यात, टोल्यावर फिरून बायकांना विचारा की रात्री अपरात्री पोट दुखलं तर तुम्ही कोणाला हाक माराल. एकच नाव तीन-चार ठिकाणी आलं की समजायचं. अजून एक पाहायचं, ही बाई गावातल्या सगळ्या जातींच्या घरात जाते का आणि सगळे तिला घरात घेतात का. हे विचारायला अवघड वाटतं पण नाही विचारलं तर पुढे अर्धं गाव सुटते, आणि सुटणारी घरं नेहमी तीच असतात जिथे गरज जास्त आहे.

निवड झाल्यावर घरी जाऊन नवरा आणि सासूसोबत बसा. रात्री दोनला फोन येईल, गाडीत बसून ग्रामीण रुग्णालयात जावं लागेल, कधी मुक्काम पडेल, महिन्याच्या मीटिंगला पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) यावं लागेल, मोबदला कामावर आहे आणि तो कधी उशिरा येतो, हे सगळं उघड सांगा. हे लपवून निवडलेल्या बाया पहिल्या पावसाळ्यातच सोडून जातात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

शिबिराची तारीख शेताच्या कॅलेंडरवर ठरवा

नव्या आशाचं सुरुवातीचं ट्रेनिंग आठ दिवसांचं, त्यानंतर मॉड्युल, म्हणजे ट्रेनिंगचं पुस्तक, सहा आणि सात, ते चार फेऱ्यांत पाच-पाच दिवस असे वीस दिवस. कागदावर सोपं आहे. पण भंडारा-गोंदियाकडे जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, यवतमाळ-अमरावतीकडे दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी, गडचिरोलीत मार्च-एप्रिलला मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि या दिवसांत मजुरी बुडवून कोणी येत नाही आणि आली तरी मन तिकडेच राहते. वरून पत्र आलं तरी तालुक्यात आशांचं काम पाहणाऱ्या तालुका समूह संघटकाशी बोलून आठवडाभर इकडे तिकडे करता येते.

बॅच ३० च्या वर जाऊ देऊ नका. अंगावर पिणारं बाळ असेल तर सोबत आणू द्या आणि बाळ सांभाळायला एक मावशी ठेवा, तिचा खर्च फार नसतो. त्याच बाळांवर नंतर वजन करायची, श्वास मोजायची प्रॅक्टिस पण होते, आयांना विचारून अर्थात. राहण्याची जागा, संडास-बाथरूम, रात्रीचा लाईट स्वतः जाऊन पाहून या. प्रवासभत्ता आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे शेवटच्या दिवशी हातात किंवा खात्यात पडतील याची सोय आधी करा, कारण ज्या बाईच्या परतीच्या बसच्या तिकिटाचेच वांधे आहेत तिच्या डोक्यात काविळीची लक्षणं शिरणार नाहीत.

शिबिरात बोलणं कमी, हात जास्त

पॉवरपॉईंट लावून चार तास बोलणारे साहेब मी खूप पाहिले. बाया मान हलवतात, वहीत उतरवून घेतात, आणि वही घरी गेल्यावर पेटीत जाते. माझा हिशोब असा की एका कौशल्याला पंधरा मिनिटं सांगणं, मग आपण करून दाखवणं, मग प्रत्येकीने सगळ्यांसमोर करणं, आणि जोवर तीस पैकी तिसावी बाई करत नाही तोवर पुढचा विषय उघडायचा नाही. यात पुस्तक मागे पडेल, पडू द्या, उरलेलं मासिक मीटिंगमध्ये घेता येते.

दोन कौशल्यं इथे जरा बारकाईने सांगते, कारण यांच्यावर बाळाचा जीव आहे आणि हीच सगळ्यात घाईत उरकली जातात.

पहिलं, श्वास मोजणं. बाळ शांत पाहिजे, रडत असेल किंवा नुकतंच दूध प्यायलं असेल तर थांबायचं. झबलं वर करायचं, छाती आणि पोट दोन्ही दिसलं पाहिजे, उजेड पाहिजे, म्हणून खाट दाराजवळ ओढायला सांगायची. नजर पोटावर, घड्याळ नजरेच्या रेषेतच धरायचं म्हणजे मान हलवावी लागत नाही. पोट वर आलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजायचं. बऱ्याच जणी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतात, ते नवजात बाळात चालत नाही, कारण ही बाळं चार श्वास भरभर घेतात मग क्षणभर थांबतात, अर्ध्या मिनिटात चुकीचा आकडा येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा त्याहून जास्त आले तर परत एकदा मोजायचं, पुन्हा तेवढेच आले तर तो जलद श्वास, बाळ लगेच पाठवायचं. दोन महिने ते एक वर्ष असेल तर ५०, एक ते पाच वर्ष असेल तर ४०. आणि मोजताना खालच्या बरगड्या आत ओढल्या जाऊन राहिल्या का ते पाहायचं, तसं दिसलं तर आकडा कितीही असो, गाडी बोलवायची.

हे शिकवायचं कसं, तर आधी मोबाईलवरच्या व्हिडिओवर सगळ्यांनी मोजायचं आणि आपापला आकडा कागदावर लिहून झाकून ठेवायचा, मग सगळे कागद एकदम उघडायचे. पहिल्यांदा ३८ पासून ७२ पर्यंत काहीही येते. तिथे कोणाला हसू द्यायचं नाही. मग एकमेकींवर, मग पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या, वॉर्डात खऱ्या बाळांवर, तुम्ही आणि ती एकाच वेळी मोजायचं, वेगवेगळं लिहायचं. दोन-तीनचा फरक मी चालवून घेते, त्याच्यावर असेल तर परत.

दुसरं, वजन. स्प्रिंगचा काटा आणि झोळी. रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणायचा, हे अर्ध्या जणी विसरतात आणि झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढते. काटा बरोबर आहे का हे तपासायला किराणा दुकानातून मिठाचे एक एक किलोचे दोन पुडे आणा, झोळीत टाका, दोन किलो दाखवलं पाहिजे, आणि ही तपासणी आशाने दर महिन्याला आपल्या घरी पण करायची. बाळ झोळीत ठेवल्यावर खाली गोधडी असली पाहिजे आणि जमिनीपासून फार उंच उचलायचं नाही, काटा मात्र डोळ्याच्या समोर पाहिजे, म्हणून आशाने स्वतः गुडघ्यावर बसायचं. बाळ हललं की काटा नाचतो, तो थांबेपर्यंत वाचायचं नाही. आधी झोळीत ज्वारी भरून प्रत्येकीकडून वाचून घ्या, दर वेळी ज्वारी कमी जास्त करा. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं, जास्त लक्ष, आणि १८०० ग्रॅमच्या खाली म्हणजे दवाखाना.

तापमानाचं थोडक्यात, काखेत लावायचं, हात अंगाशी धरून ठेवायचा, बीप वाजेपर्यंत काढायचं नाही, साधारण ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइटच्या मध्ये पाहिजे. तापाची भीती सगळ्यांना असते, बाळ गार पडलं तर मात्र घरात कोणी घाबरत नाही, म्हणून गार पडलेलं बाळ पण तेवढंच धोक्यात असते हे पाठ करून घ्या. आईच्या छातीला उघडं बाळ लावून वरून दोघांना पांघरूण, हे पण शिबिरातच बाहुलीवर करून घ्यायचं, नुसतं सांगितलं तर गावात जाऊन ती लाजते.

शिबिर संपलं, आता खरं काम

दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा घरभेटी, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं तर सात, पहिली चोवीस तासांच्या आत. नव्या आशाच्या पहिल्या दोन-तीन बाळंतिणींच्या वेळी गटप्रवर्तकाने नाहीतर एएनएमने सोबत जायचंच. पहिल्या घरी तुम्ही करा, ती पाहील. दुसऱ्या घरी दोघींनी मिळून. तिसऱ्या घरी तिने करायचं आणि तुम्ही तोंड बंद ठेवून मागे बसायचं, हे तिसरं सगळ्यात कठीण आहे. चुकलं तर बाळंतिणीसमोर बोलायचं नाही, बाळाला धोका असेल तेवढंच अडवायचं, बाकी परत येताना रस्त्यावर सांगायचं. गावासमोर एकदा तिची किंमत कमी झाली की पुढची दोन वर्षं सासवा तिला विचारत नाहीत.

घरात शिरल्यावरचा क्रम ठरवून द्या. आधी आईशी बोलायचं, तिची तब्येत, रक्त किती जाते, ताप, लघवी, जेवण. मग साबणाने हात धुणे, ते पण घरच्यांच्या देखत म्हणजे त्यांना दिसते की बाळाला हात लावायच्या आधी धुवायचे असतात. मग श्वास, कारण बाळ शांत आहे तोवरच तो मोजता येतो, मग तापमान, वजन, नाळ, डोळे, त्वचा, शेवटी दूध पाजताना बघायचं. नाळेवर काही लावलेलं असेल, हळद, तेल, राख, तर रागावायचं नाही, कोरडी ठेवली की लवकर पडते एवढं सांगायचं आणि पुढच्या भेटीत दाखवायचं. धोक्याची लक्षणं तिला झोपेत पण सांगता आली पाहिजेत : दूध ओढत नाही, अंग लुळं पडलं, हातपाय गार, झटके, छाती आत ओढली जाते, नाळेतून पू, तळहात-तळपाय पिवळे.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी असतेच. नवीन आशा पुस्तक वाचून जाते आणि धुरी बंद करा म्हणते, मग आजी म्हणते, "आमचे आठ लेकरं असेच वाढले वं बाई, तू काय सांगून राहिली?" आणि संपलं. तिला असं बोलायला शिकवा की आजी, शेक बाळंतिणीला राहू द्या, खोली गरम पाहिजेच, फक्त धूर तेवढा बाहेर जाऊ द्या, विस्तव बाहेर फुलवून मग शेगडी आत आणा, बाळाच्या छातीत धूर जाते. आजीचं अर्धं ऐकलं की आजी उरलेलं अर्धं ऐकते. मेळघाटात डंबा, म्हणजे पोट फुगलं म्हणून बाळाच्या पोटावर चटके देणं, तिथे मात्र तडजोड नाही, पण ते थांबवायचं तर चटके द्यायच्या आधी पोचावं लागते, आणि भुमक्याशी, म्हणजे गावातल्या वैदूशी, ओळख असलेली आशाच आधी पोचते. म्हणून भुमक्याला मीटिंगला बोलवा, मानाने बसवा, असं बाळ आलं तर आधी आशाला हाक मारा म्हणून सांगा.

या भेटी सगळ्यात जास्त सुटतात कुठे माहीत आहे का, माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरी होते, सासरची आशा म्हणते ती इथे नाही, माहेरची आशा म्हणते ती माझ्या यादीत नाही, आणि बाळाचे सुरुवातीचे धोक्याचे दिवस दोघींच्या मधल्या फटीत जातात. यावर उपाय सातव्या महिन्यातच करायचा, गरोदर बाईला विचारायचं की बाळंतपणाला कुठे जाणार, त्या गावच्या आशाचा नंबर काढायचा, फोन करायचा, आणि आपल्या डायरीत त्या आशाचं नाव आणि ईडीडी, म्हणजे बाळंतपणाची अपेक्षित तारीख, लिहायची. हा फोन करणं ट्रेनिंगचा भाग म्हणून तुमच्यासमोर करून घ्या. मोबदला कोणाला मिळणार हा प्रश्न येतोच, तो भेटी करणारीला, हे आधीच स्पष्ट सांगा म्हणजे भांडण नाही.

पुढे तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या भेटी असतात. तिथे वरचं खाणं सुरू झालं का आणि दंडाचा घेर हे मुख्य. सहा महिन्यांपासून पुढे दंडाची पट्टी ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, लाल. पट्टी घट्ट ओढली तर चांगलं मूल पण लाल दिसते, सैल ठेवली तर लाल मूल पिवळं दिसते, म्हणून अंगणवाडीत नेऊन अंगणवाडी ताईसोबत एकाच मुलाचा दंड दोघींनी मोजायचा.

जुलाबाचं तर घरोघरी करून दाखवावं लागते. एक लिटरची पाण्याची बाटली घ्यायची, ओआरएसचं पूर्ण पाकीट एकदम टाकायचं, थोडं आज थोडं उद्या असं नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. झिंक १४ दिवस, सहा महिन्यांच्या वर २० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आई गोळी बंद करते, म्हणून आशाने मधे एकदा जाऊन पत्त्यावरच्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या.

आपल्या भागाचे आजार पुस्तकात थोडे आहेत, ते वेगळे शिकवा

मॉड्युल देशासाठी लिहिलेलं असते, त्यामुळे विदर्भाचं आपल्याला भरावं लागते. मी हे महिन्याच्या मीटिंगमध्ये हंगामाप्रमाणे घेते.

मार्च संपला की उष्माघात. चंद्रपूर-अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जाते आणि मजूर दुपारी पण कामावर असतात. बडबडायला लागला, चक्कर येऊन पडला, अंग तापून राहिलं तर सावलीत आणा, कपडे ढिले करा, अंगावर पाणी टाका, वारा घाला, १०८ ला फोन. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, हे चार वेळा सांगा.

पावसाळा लागला की गडचिरोलीत मलेरिया. तापाच्या प्रत्येक माणसाची किटवर तपासणी, थंडी वाजून आली का नाही याची वाट पाहायची नाही. किटचं पाकीट रक्त घ्यायच्या अगदी आधी फोडायचं, आधीच फोडून ठेवलं तर ओल लागून किट बिघडते, आणि पावसाळ्यात तर लवकर. निकाल पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांतच वाचायचा, स्वयंपाक करून आल्यावर पाहिला तर चुकतो. कंट्रोलची रेघ आली नाही तर ती तपासणी झालीच नाही, दुसरी किट घ्यायची.

साप. घट्ट दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, चावलेला हात-पाय लाकडाची पट्टी लावून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही. आणि आशाला हे माहीत पाहिजे की आज तिच्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात सापाची लस शिल्लक आहे, जूनच्या मीटिंगमध्ये मेडिकल ऑफिसरांना सगळ्यांसमोर हा प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, आणि ही माणसं आशाच्याच गावातली, रोजंदारीवर दुसऱ्याच्या वावरात फवारणारी होती. तरी हा विषय अजून कितीतरी शिबिरांत घेतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटते. तोंडाला लाळ, बुबुळ टाचणीच्या टोकासारखं बारीक, घाम, उलटी, दम लागणे, ही लक्षणं दिसली की कपडे काढा, साबण-पाण्याने पूर्ण अंग धुवा, धुणाऱ्याने हातात प्लास्टिकच्या पिशव्या घाला, मुद्दाम उलटी करवू नका, औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या. डॉक्टरला कोणतं औषध होतं हे कळलं की उपचार लवकर सुरू होते.

सिकलसेल हा आपल्या भागातला मोठा आजार आहे आणि लग्नाच्या बोलणीत लपवला जातो. २०२३ पासून राष्ट्रीय मिशन सुरू आहे, ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची आहे, पण आशाला तो समजावता आला पाहिजे. मी दाण्यांनी शिकवते. पांढरी ज्वारी म्हणजे चांगला गुण, लाल तूर म्हणजे सिकलचा. दोघं नवरा-बायको वाहक, म्हणजे प्रत्येकाच्या मुठीत एक ज्वारी एक तूर. डोळे मिटून दोन्ही मुठीतून एक एक दाणा काढायचा, ते झालं लेकरू. दोन्ही ज्वारी, काही नाही. एक ज्वारी एक तूर, वाहक, त्याला साधारण त्रास नसतो. दोन्ही तुरी, आजारी. दाणे परत मुठीत टाकायचे आणि परत काढायचे. बाया हमखास विचारतात, "पहिलं लेकरू आजारी निघालं म्हंजे पुढचे तीन चांगले होतील नं?" तेव्हा काही न बोलता दाणे परत मुठीत टाकून परत काढायला सांगायचं, कळते. प्रत्येक खेपेला चारमध्ये एक, मागच्या खेपेचा काही संबंध नाही. हा खेळ मग तिने गावात नवीन लग्नाच्या पोरापोरींसोबत खेळायचा.

कुष्ठरोगाचं पण करून दाखवा, फिक्का किंवा लालसर चट्टा असेल तर पेनाच्या टोकाने हलकं टेकवून डोळे मिटून कुठे लागलं ते बोट ठेवून दाखवायला सांगायचं, नाही समजलं तर पाठवायचं. हत्तीरोगाच्या गोळ्या आल्या की आपल्या समोर गिळवायच्या, घरी ठेवून यायच्या नाहीत.

पेटी, नोंदी आणि पैसे

औषधाची पेटी दर महिन्याला रिकामी करून परत भरायची, एक्स्पायरी जवळची पुढे. लोहाच्या लाल गोळ्या गरोदरपणात १८० आणि बाळंत झाल्यावर १८०, पण गोळी दिली म्हणजे खाल्ली असं नसते, काळी संडास झाली का हे विचारायला शिकवा, झाली असेल तर खाते आहे. चहासोबत खाऊ नका, जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत खा.

मोबदल्याचा क्लेम फॉर्म भरणं हा ट्रेनिंगचा विषय आहे असं मी मानते, जोडधंदा नाही. एका ठिकाणी आमच्या ओळखीच्या आशांचे क्लेम महिनेच्या महिने अडकले, कारण एका रकान्यात सही राहिली होती आणि ऑफिसमध्ये कोणी सांगितलंच नाही. शिबिरात खरा कोरा फॉर्म वाटा, खोट्या नावांनी एक पूर्ण महिना भरून घ्या. आणि सवय लावा की दिलेल्या प्रत्येक कागदाचा मोबाईलमध्ये फोटो, रजिस्टरच्या पानासकट. कामाचे पैसे वेळेवर मिळाले तर बाई टिकते.

तीस वर्षांवरच्या लोकांचा तो बीपी-शुगरच्या जोखमीला गुण देणारा सीबॅक फॉर्म भरताना तंबाखू आणि दारूचं सगळ्यांसमोर विचारू नका, बाजूला घेऊन विचारा. चारच्या वर गुण आले की आधी त्यांना आरोग्यवर्धिनी केंद्रात पाठवायचं.

प्रमाणपत्र आणि पुढचं शिक्षण

ट्रेनिंगच्या फेऱ्या झालेल्या आशांना एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हिच्यामार्फत परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेता येते, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही असते. लेखीची भीती वाटणाऱ्यांना गटात बसवून जुने प्रश्न तोंडी विचारा, प्रात्यक्षिकात त्या कोणालाही ऐकत नाहीत. ज्यांची दहावी-बारावी राहिली त्या एनआयओएसमधूनच करू शकतात, पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम करता करता होते, आणि पदवी असली की गटप्रवर्तक व्हायची वाट उघडते. एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, बारावी लागते आणि वयाची अट १७ ते ३५, त्यामुळे तिशीतल्या आशाला हे आत्ताच सांगा, नंतर नको.

आणि तालुक्याच्या ठिकाणी सहा महिन्यांत नर्स बनवतो म्हणून बोर्ड लावलेले असतात, तिथे दागिने मोडून पैसे भरलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. पैसे भरायच्या आधी एकच प्रश्न, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, कागद दाखवा. जनरल ड्युटी असिस्टंटसारखे कौशल्य कोर्स चांगले आहेत, दवाखान्यात काम मिळते, पण त्याने नर्स होता येत नाही.

मासिक मीटिंग वाया घालवू नका

आकडे गोळा करायला अर्धा तास पुरे, बाकी वेळ एक कौशल्य परत हाताने करायला. दर तीन महिन्यांनी श्वास आणि वजन परत, कारण ज्या गावात वर्षाला पंधरा-वीसच बाळंतपणं होतात तिथे हात विसरतो. आणि महिन्यात एखादं बाळ किंवा आई गेली असेल तर त्यावर बोला, पण ती आशा गुन्हेगार म्हणून उभी राहणार नाही अशा पद्धतीने. काय झालं, कधी कळलं, गाडी किती वेळाने आली, दवाखान्यात कोण होतं. बहुतेक वेळा उशीर आशाच्या हातात नसलेल्या ठिकाणी झालेला असतो आणि ते मेडिकल ऑफिसरांसमोर मांडायला हीच जागा आहे. त्या बाईला त्या दिवशी घरी एकटी पाठवू नका, तिच्या गावच्या बाळाचं दुःख तिला पण असते.

रात्री रुग्णासोबत गेलेली आशा परत कशी येणार हे पण मीटिंगमध्ये ठरवून टाका. १०२ असो की १०८, गाडी पोचवून देते, परत आणायची हमी नसते. ग्रामीण रुग्णालयात आशांना बसायला-झोपायला खोली असेल तर तिची किल्ली कोणाकडे असते, नसेल तर कोणत्या नर्सताईला सांगायचं, हे तिला पहिल्या महिन्यातच माहीत पाहिजे.

कोणी आशा काम सोडत असेल तर नव्या आशाला जुनीसोबत पंधरा दिवस फिरवा, निदान आठ दिवस तरी. त्यात गरोदर बायांची यादी ईडीडीसकट, जोखमीच्या बाया वेगळ्या, लाल दंडपट्टीची मुलं, टीबीची औषधं चालू असलेले पेशंट, सिकलसेलची घरं, काटा, झोळी, थर्मामीटर, घड्याळ, पेटीतल्या औषधांची मोजणी, आणि माहेरी गेलेल्या बाळंतिणींच्या गावच्या आशांचे नंबर, हे सगळं दोघींच्या सहीने एका कागदावर उतरवून त्याची एक प्रत उपकेंद्रात एएनएमकडे ठेवा.